आप्पांचा काचेचा घुमट

आमच्या गच्चीवर एक काचेचा घुमट होता. काच कसली, जाड प्लास्टिकच, पण घरात सगळे काचच म्हणायचे. अर्धं वांगं पालथं घालावं तसा लांबट, आणि डाव्या अंगाला तळहाताएवढी सरकती खिडकी. माझे सासरे शंकरप्पा, म्हणजे आमचे आप्पा, यांनी तो तरणेपणी हैदराबादच्या भंगार बाजारातून आणला होता, एसटीच्या टपावर बांधून, थेट अहमदपूरपर्यंत.

कशासाठी, तर स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी.

आम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याला ताठ बसवून नेतात, सजवलेल्या मखरात, कपाळभर विभूती लावून. आप्पांचे वडील मलप्पा गेले तेव्हा वाटेतच पाऊस आला आणि विभूती वाहून गेली. "समाधीत उतरवला तो माझा बाप वाटंना, कुणी परकाच वाटला," असं आप्पा अजून सांगतात. आपल्या पोरांवर तशी वेळ येऊ नये म्हणून हा घुमट. मखरावर तो बसतो का, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. जिवंतपणी मापं घेणं अशुभ.

तोवर माझ्या सासूबाई लक्ष्मम्मा, आमच्या अम्मा, त्याखाली कुरडया वाळवायच्या. कावळा शिवायचा नाही.

माझ्या लेकीनं, सृष्टीनं, त्या कुरडयांचा घुमटासकट फोटो फोनवरून इंटरनेटवर टाकला आणि पुण्याहून सुकन्या नावाची बाई टेम्पो घेऊन दारात उभी राहिली. जुनी ग्लायडरं, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, ती दुरुस्त करते. घुमटाभोवती तिनं प्रदक्षिणाच घातली.

"काकू, हे ग्लायडरचं झाकण आहे. पायलटच्या डोक्यावरचं. पण कुठल्या ग्लायडरचं, ते कळत नाही. यावर काही नंबर होता का?"

"असंल," अम्मा म्हणाल्या. "मीच घासून काढला. कुरडईला शाई लागून राहिली होती."

सुकन्यानं क्षणभर डोळे मिटले. मग सांगितलं, की तिचा दोन ग्लायडरांवर संशय आहे. एकात पायलट ताठ बसतो, दुसऱ्यात मागं रेलून. रेलायचं असेल तर हे तिच्या बोडक्या ग्लायडरचंच. ताठ बसायचं असेल तर ती रिकाम्या हातानं परत जाईल. "कुणीतरी उंच माणूस खाली बसून पाहायला हवा."

"माझा घुमट हाय, मीच बसतो," आप्पा म्हणाले.

"जित्या माणसानं बसू नये त्यात!" अम्मा कडाडल्या.

शेवटी आमच्या जंगम स्वामींना, म्हणजे आमच्या गुरूंना, फोन लावला. ते जेवत होते. "हार घातला नसंल तर चालतंय," असा निर्णय देऊन त्यांनी फोन ठेवला.

आप्पांनी अंघोळ केली, डोक्याला रुमाल बांधला, विभूती लावली. बघायचंच तर नीट बघू, म्हणाले. अंगणात पाटावर ताठ बसले आणि आम्ही चौघींनी घुमट गच्चीवरून आणून त्यांच्यावर उतरवला. तो रुमालावर अडला. रुमाल काढला, तर टकलावर अडला. आप्पांची मान कोंबड्यासारखी वाकडी झाली.

नेमकी तेव्हाच शेजारची नागुबाई डोकावली. ताठ आप्पा, विभूती, वर झाकण. तिनं हंबरडा फोडला, "अगं बाई, शंकरप्पा गेले गं!"

एकीचं रडणं ऐकू आल्यावर दुसरीनं घरात बसायचं नसतं. गल्लीभरच्या बाया पदर तोंडाला लावून आल्या. कुणीतरी फुलांना माणूसही धाडला. एवढ्यात खिडकी सरकली.

"नागुबाई, अजून न्हाई."

नागुबाईचं रडणं मध्येच अडकलं. "मग असं ताठ कशाला बसलाव?"

"माप चालू हाय."

"आधी सांगावं की! माझी भाकर करपली तिकडं," असं म्हणत ती तिथंच बसली. आल्यासारखं चहा तर घ्यायलाच हवा.

"आजोबा, आता मागं रेला बरं," सुकन्या म्हणाली.

आम्ही पाठीशी सोयाबीनचं पोतं सरकवलं. आप्पांनी पाय लांब केले, अंग मागं टाकलं आणि घुमट अलगद जमिनीला टेकला. सुकन्यानं गुडघ्यावर बसून कडेवरून हात फिरवला. "हेच! रेलायचंच आहे हे! माझंच!" बायांनी टाळ्या वाजवल्या. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आत मात्र आप्पा हलेनात. अम्मांनी काचेवर टकटक केलं. "अहो! बोला की!"

खिडकी हळूच सरकली. "आभाळ लई जवळ दिसून राहिलंय, लक्ष्मम्मा." वर एक घार फिरत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे यात ताठ मावतच न्हाई?"

"नाही, आजोबा."

"लोळत तर मी जाणार न्हाई. बापाला काय तोंड दाखवू?" बाहेर येऊन त्यांनी रुमाल बांधला. "घेऊन जा, बाई. वर गेलीस की हा घुमट त्या घारीला दाखव म्हणजे झालं."

टेम्पो गेला. अम्मांनी कुरडयांवर जुनं लुगडं टाकलं. आप्पा ओट्यावर बसून कपाळावर तळहात धरून पाहत होते, जणू आत्ताच थेंब येतायत.

"आप्पा, छत्री धरीन की मी," मी म्हणाले.

"तुझा हात दुखंल, अंजू."

"बदलीन हात."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात छत्रीच्या दुकानात गेलो. आप्पा स्टुलावर ताठ बसले आणि त्यांनी डोळे मिटले, अंदाज नीट यावा म्हणून. मी छत्री धरली आणि दुकानदाराला म्हटलं, वरून तांब्याभर पाणी ओता. तो बिचारा आमच्याकडं बघत राहिला, पण ओतलं. एक थेंब आप्पांच्या नाकावर पडला.

"याहून मोठी दाखवा," मी म्हणाले.

"आणि काळी नको," डोळे न उघडता आप्पा म्हणाले.