उलटा बिल्ला

मी एक जुने कुलूप आहे, मित्रांनो, आणि मला उघडायला मुळीच आवडत नाही. तुमच्या घरची कुलपे गरीब बिचारी असतात. किल्ली दिसली की लगेच तोंड उघडतात. माझे तसे नाही. मला दोन किल्ल्या लागतात, त्याही ठरलेल्या क्रमाने, आणि कडाक्याच्या थंडीत तर मी मुद्दाम अडून बसते. माझ्यामागे साठ रायफली उभ्या आहेत, म्हणून हा सगळा तोरा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. बाहेरून लोखंड, पोटात पितळ, वजन सव्वा किलो. ज्या कारागिराने माझे भाग जुळवले, त्याने मला दिवसभर उघडून मिटून पाहिले, चुकीच्या किल्ल्या घालून छळले, आणि संध्याकाळी शेजारच्याला म्हणाला, "याला ‘नाही’ म्हणता येतंय. जाऊ दे आता." एवढेच माझे शिक्षण. मग मला खोक्यात घालून एका सैन्याच्या छावणीत पाठवले आणि शस्त्रागाराच्या दारावर माझी नेमणूक झाली.

दिवसा दार उघडे असते. तेव्हा मी कोयंड्याला लटकून असते, आणि तिथून मला आतली खोली दिसते, तशी बाहेरची रांगही दिसते. सत्तावीस वर्षे मी माणसांची ये-जा पाहिली. कोण घरून भांडून आला आहे, कोणाला ताप आहे, कोण नुसताच आळशी आहे, हे मला चालण्यावरून कळते, असा माझा दावा होता. तो दावा आता मी सोडून दिला आहे.

आमच्याकडे एक रीत आहे, ती नीट समजून घ्या. आत भिंतीवर एक फळा आहे. त्यावर साठ खिळे आणि प्रत्येक खिळ्याला पितळेचा एक गोल बिल्ला. बिल्ल्यावर शिपायाचा क्रमांक कोरलेला असतो. सकाळी शिपाई खिडकीशी येऊन क्रमांक सांगतो, आतला माणूस फळ्याकडे पाहतो, बिल्ला सरळ असेल तर रायफल देतो. पण डॉक्टरांनी कळवले असेल की या माणसाच्या हाती काही दिवस शस्त्र द्यायचे नाही, तर त्याचा बिल्ला उलटा टांगतात. कागद गहाळ होतो, निरोप विसरला जातो, बिल्ला मात्र डोळ्यांसमोर असतो. रीत चांगल्या मनाने घातलेली होती.

हात प्लॅस्टरमध्ये असेल तर उलट्या बिल्ल्याला कुणी हसत नाही. डोळ्यावर पट्टी असेल तरी नाही. पण दोन्ही हात धडधाकट, डोळे ठणठणीत, आणि बिल्ला उलटा, म्हणजे मग रांगेत खुसखुस सुरू होते. खिडकीतून फळा सगळ्यांना दिसतो ना! "याचा वरचा मजला दुरुस्तीला काढलाय" असे कुणीतरी म्हणते आणि बाकीचे हसतात. ते दुष्ट नसतात. त्यांना भीती वाटत असते, आणि भीती लपवायला हसू बरे पडते.

या हसण्यापायी काय झाले ते मी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एक शिपाई होता, रांगेत नेहमी सर्वांत पुढे. त्याला रात्र रात्र झोप नव्हती, जगणे नकोसे झाले होते, हे नंतर कळले. बिल्ला उलटा होईल म्हणून तो डॉक्टरांकडे कधी गेलाच नाही. त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याचा खिळा आठवडाभर रिकामा होता, आणि रांगेतला प्रत्येक जण त्या खिळ्याकडे न पाहण्याची काळजी घेत होता. असे विषय मुलांपुढे काढू नयेत, असे मोठी माणसे म्हणतात. न काढल्याने काय होते, ते मला ठाऊक आहे, म्हणून मी काढते.

आता मास्तरची गोष्ट सांगते. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे, शिपाईच. अक्षर सुरेख म्हणून त्याला ते नाव पडले होते. रजेचे अर्ज, बदलीची विनंती, एखाद्याचे बायकोला पाठवायचे पत्र, सगळे मास्तरकडून लिहून घ्यायचे. मागच्या वर्षी सरावाला जाताना ट्रक उलटला. मास्तरला गाडी लागायची, म्हणून त्याच्या मित्राने आपली मागची मोकळी जागा त्याला दिली होती आणि स्वतः आत बसला होता. मास्तर वाचला, मित्र गेला.

त्यानंतर मास्तर बदलला. रायफल परत करताना ती इतकी पुसलेली असे की आणखी पुसायला जागाच नसे. मग तो वस्तू वाटू लागला. पेन एकाला, आरसा दुसऱ्याला, घोंगडी तिसऱ्याला. घेणारे खूश होते. आमचा शस्त्रागाराचा हवालदार मात्र ते सगळे मनात टिपून ठेवत होता.

या हवालदाराला सगळे काका म्हणत. पोट सुटलेले, गुडघे दुखरे, आणि मला दर शनिवारी न चुकता तेल घालणारा तो एकटाच. त्याने मास्तरला खिडकीशी थांबवून घेतले.

"पेन का देऊन टाकलंस रे?"

"लागत नाही आता, काका."

"मग अर्ज कशाने लिहिणार?"

काकाने मग आडपडदा न ठेवता विचारले, "जीव द्यायचं मनात येतं का तुझ्या?"

मित्रांनो, माझ्या सत्तावीस वर्षांत हा प्रश्न कुणी कुणाला असा सरळ विचारलेला मी ऐकला नव्हता. मास्तरने मान खाली घातली आणि हो म्हटले. काका त्याच पावली त्याला छावणीतल्या डॉक्टर बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी औषध दिले, दर मंगळवारी बोलायला बोलावले, आणि महिनाभर शस्त्र नाही असे कळवले. काकाने बिल्ला उलटा केला.

दुसऱ्या दिवशी रांगेत व्हायचे ते झाले. "मास्तरांना खडू द्या रे, बंदूक कशाला!" मागून कुणीतरी म्हणाले. मास्तरचे कान लाल झाले. रांग पांगल्यावर तो खिडकीशी आला.

"काका, औषध घेतो, बाईंकडे जातो, तुम्ही म्हणाल ते करतो. पण तो बिल्ला तेवढा सरळ करा. पाया पडतो तुमच्या. नाहीतर मी बाईंकडेसुद्धा जाणार नाही."

काका विरघळला. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही विरघळला असता. त्याला वाटले, मी इथे रोज आहेच की, बिल्ला कसाही असला तरी रायफल देणारा हात माझाच आहे. त्याने बिल्ला सरळ केला आणि मास्तरला मागच्या खोलीत खोकी लावायच्या कामाला घेतले. डॉक्टर बाईंना त्याने हे सांगितले नाही. मला सगळे दिसत होते. फळा खोटे बोलू लागला होता.

तीन आठवडे बरे गेले. मास्तर जेवू लागला. दुपारी खोक्यांमागे त्याला डुलकी लागे आणि काका मुद्दाम आवाज न करता चाले. मंगळवारी तो बाईंकडून आला की हळूच काहीतरी थट्टा करी. मलाही वाटू लागले की टळले.

मग एका दुपारी काकाला फोन आला. त्याची बायको जिन्यावरून पडली होती, मांडीचे हाड मोडले होते. त्याने घाईघाईत आपल्या हाताखालच्या नाइकाला बोलावले, दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात दिल्या, गोळ्यांच्या पेट्या मोजून दिल्या, मला तेल घालायला सांगितले आणि धावत गाडी पकडली. सगळे सांगितले, मास्तरचे सांगायचे राहिले.

हा नाईक कसा होता ते ऐका. ताठ, बोलायला कमी, बुटांना चकाकी. कधी आजारी पडला नाही, कधी हक्काची रजासुद्धा मागितली नाही. साहेब लोक नव्या पोरांना त्याचे उदाहरण देत. मलाही तो फार आवडायचा. त्याचा हात किल्ली फिरवताना कधी थरथरत नसे, आणि कुलपाला आणखी काय हवे?

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर रांगेत उभा राहिला. तीन आठवडे तो रांगेत आला नव्हता. ट्रक उलटला त्याला त्या दिवशी बरोबर वर्ष झाले होते. दाढी गुळगुळीत, पट्टा घट्ट, चेहऱ्यावर काहीच नाही. मी कोयंड्याला लटकले होते. उघडे कुलूप म्हणजे लोखंडाचा तुकडा, मित्रांनो, त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. मी जिवाच्या आकांताने काकाची वाट पाहत होते आणि काका शेकडो मैल दूर कुठल्याशा इस्पितळात बाकावर बसला होता.

मास्तरने क्रमांक सांगितला. नाइकाने फळ्याकडे पाहिले. बिल्ला सरळ होता. त्याने रायफल काढून खिडकीवर ठेवली.

"घे. पुढचा."

मास्तरने रायफल उचलली. दोन पावले मागे गेला आणि थांबला. मागच्या माणसाला पुढे येता येईना. "चल की मास्तर, मुहूर्त बघतोस का?" तो म्हणाला. कुणीतरी हसले. माझ्यासमोर तो किती वेळ उभा होता कोण जाणे, मला तो वेळ माझ्या सगळ्या नोकरीपेक्षा लांब वाटला.

मग तो वळला आणि रायफल खिडकीवर परत ठेवली.

"नाईक, माझा बिल्ला उलटा करा."

"काय?"

"उलटा करा. काकांनी माझ्यासाठी सरळ ठेवला होता. मला रायफल द्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय." त्याचा आवाज रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "आज मला माझा भरवसा नाही. मला बाईंकडे घेऊन चला कुणीतरी. एकट्याला पाठवू नका."

कुणी हसले नाही. मुहूर्त विचारणारा पुढे झाला, त्याने मास्तरचा दंड धरला, आणि दोघे दवाखान्याकडे चालू लागले. नाइकाने रायफल आत नेऊन ठेवली. बिल्ला उलटा केला. मग तो उरलेल्या सगळ्यांना रायफली देत राहिला, एकही क्रमांक न चुकता.

मास्तर वाचला. त्याला मोठ्या इस्पितळात नेले, तिथून बहिणीच्या घरी रजेवर पाठवले. काका परत आल्यावर सगळे ऐकून फळ्यासमोर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. आपल्या मायेने त्या पोराला कुठवर नेऊन सोडले होते, हे त्याला कळले. डॉक्टर बाईंनी फळ्याचे तोंड खिडकीपासून फिरवून घेतले. आता तो रांगेतून दिसत नाही, फक्त आतल्या माणसाला दिसतो. एवढे साधे काम, पण ते इतक्या वर्षांत कुणाला सुचले नव्हते.

इथे गोष्ट संपली असती तर मीही सुखाने गंजत बसले असते. पण काका परतायच्या आदल्या संध्याकाळी जे झाले ते सांगायचे आहे. सगळ्या रायफली जमा झाल्या होत्या, रांग संपली होती, खोलीत नाईक एकटाच होता. त्याने फरशी झाडली. गोळ्यांच्या पेट्या पुन्हा मोजल्या. मग फळ्यापुढे उभा राहिला, स्वतःचा बिल्ला खिळ्यावरून काढला, तो बराच वेळ अंगठ्याने पुसला, आणि उलटा टांगला.

बाहेर येऊन त्याने मला लावले. दुसरी किल्ली फिरवताना त्याचा हात थरथरत होता. दोन्ही किल्ल्या त्याने पट्ट्यातून काढून मुठीत धरल्या आणि तो दवाखान्याकडे गेला. डॉक्टर बाईंच्या टेबलावर किल्ल्या ठेवून तो म्हणाला, "या तुमच्याकडे ठेवा. माझ्याजवळ नकोत. खूप दिवस झाले." हे मला नंतर काकाच्या तोंडून कळले.

मित्रांनो, मी सत्तावीस वर्षे चालण्यावरून माणूस ओळखत होते. माझे सगळे लक्ष मास्तरवर होते, आणि ज्याच्या कमरेला साठ रायफलींच्या किल्ल्या होत्या, त्याच्याकडे पाहून मी निर्धास्त होते. तो कधी रजा मागत नाही, याचे मी कौतुक केले. का मागत नाही, असे मला एकदाही वाटले नाही.

म्हणून माझे एक ऐका. मी चांगले कुलूप आहे, पण माझ्यावर विसंबू नका. मला फक्त दार राखता येते. तुमचा मित्र फार गप्प झाला, आपल्या आवडत्या वस्तू वाटू लागला, तर त्याला सरळ विचारा, आणि उत्तर हो आले तर त्याला एकटे सोडू नका, मोठ्यांना सांगा. तुमच्याच मनात तसे येत असेल तर आजच कुणाला तरी सांगा. आणि जो कधीच काही मागत नाही, ज्याचे उदाहरण सगळे देतात, त्यालाही विचारा. त्याला विचारायला अजून कुणी गेलेले नसते.