झाकणातला थेंब

रेडिओकाकांनी ओव्हन भिंतीपासून पुढे ओढला, मागचा पत्रा चार स्क्रू काढून उघडला आणि आतल्या तापणाऱ्या सळईची वायर पकडीनं तोडली. तुटलेल्या वायरी जोडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्यावर धडधाकट वायर तोडायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती.

लेक तासाभरात येणार होती. सकाळीच फोनवर म्हणाली होती, “बाबा, आईचा ओव्हन मी नेते. दुसरं काही नको मला.” आईला जाऊन दोनच महिने झालेले. कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आठ वर्षांपूर्वी, लेकीच्या लग्नाच्या महिनाभर आधी, त्यांच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातली सर्किट बोर्ड तापवायची छोटी भट्टी ऐन वेळी जळाली. गिऱ्हाईक टीव्हीसाठी हटून बसलेलं. बायको बहिणीकडे गेली होती. काकांनी टीव्हीचा बोर्ड घरी आणला आणि तिच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं तापवला. सुटलेले डाख, म्हणजे बोर्डावरचे पार्ट धरून ठेवणारे धातूचे सांधे, वितळून पुन्हा बसले, टीव्ही लागला. मग त्यांनी खिडक्या उघडल्या, सोडा लावून ओव्हन आतून घासला आणि मूग गिळून बसले.

दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच काका बजावत, “डाखात शिसं असतं. ज्या भट्टीत बोर्ड गेला, तिच्यात पुन्हा पाव जाता कामा नये.” दुकानातल्या भट्टीवर त्यांनी लाल रंगानं मोठी फुली मारून ठेवली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दोन दिवसांनी, बायको परत आल्यावर, घरातल्या टेबलावर, बाटलीच्या झाकणात, त्यांना डाखाचा एक थेंब दिसला. मोहरीपेक्षा जरा मोठा, चकचकीत. आपल्याच हातून सांडला असेल म्हणून त्यांनी तो भंगाराच्या डब्यात टाकला.

त्या रविवारी बायकोनं नेहमीसारखा पाव केला. काकांनी खाल्ला, वाखाणलाही. मग दर रविवारी पाव, वाढदिवसाला केक. दर वेळी वाटायचं, सांगून टाकावं; दर वेळी ते पुढच्या रविवारावर जायचं. गेल्या वर्षी ती पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली, तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती. डॉक्टरांना विचारायचं धाडस झालं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती.

लेक आली ती ओव्हन गुंडाळायला जुनी चादर घेऊनच.

“नेऊ नकोस,” काका म्हणाले. “बिघडलाय तो.”

“माहितीय मला. तुम्ही नीट करून द्या, मग नेते. घरात एवढा कारागीर आणि ओव्हन आठ वर्षं बंद! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.”

“आठ वर्षं?”

“माझ्या लग्नाआधीच नाही का बंद पडला? आई शेजारच्या मावशींकडे जायची ना भाजायला. रविवारी तुम्ही जुन्या बाजारात पार्ट शोधायला गेलात, की ही पीठ घेऊन त्यांच्या दारात. लग्नातला केकसुद्धा तिकडचाच.”

काकांनी हातातली पकड हळूच ओट्यावर ठेवली. क्षणभर त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे त्या ओव्हनमधलं काहीच तिच्या पोटात गेलं नव्हतं. पण पाठोपाठ ते रविवार आठवले. ‘तुझ्या ओव्हनची सर बेकरीला नाही,’ असं ते म्हणायचे, आणि ती त्यांच्याकडे बघत राहायची. अजून काही बोलतील म्हणून.

“मग ती मला का नाही बोलली?”

“मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, बाबांना ठाऊक आहे. ते आपणहून बोलले, की बघू.” लेक चादरीची घडी उलगडता उलगडता थांबली. “मला वाटलं, तुमचं दोघांचं काहीतरी रुसणं-फुगणं असेल.”

तीस वर्षं डाखाच्या वासाचे शर्ट धुतलेली बाई. सोड्यानं तो वास तिच्या नाकापासून थोडाच लपणार होता! ओव्हनमध्ये सापडलेला तो थेंब झाकणात घालून त्यांच्यासमोर तिनंच ठेवला होता.

काका आतल्या खोलीत गेले आणि भंगाराचा डबा घेऊन आले. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी तो उपडा केला. वर्षानुवर्षांचे शेकडो थेंब पडले, सगळे काळवंडलेले, सगळे सारखे. चष्मा कपाळावर सरकवून ते एकेक उचलून बघू लागले.

“काय शोधताय, बाबा?”

“तुझ्या आईनं मला एक विचारलं होतं,” ते म्हणाले. “मला कळलंच नाही.”

लेक चादर बाजूला ठेवून त्यांच्याजवळ खाली बसली.

“काय विचारलं होतं?”

काकांनी एक थेंब तिच्या तळहातावर ठेवला. तोच होता की दुसरा, कोण जाणे.

“सांगतो,” ते म्हणाले.