मावंद्याचा गडू

मी एक जुना तांब्याचा गडू आहे, मित्रांनो, आणि मी भयंकर चिडलेलो आहे. काशीच्या एका गल्लीत मला ठोकून घडवले, पोटात गंगा भरली आणि कथलाचा डाग देऊन तोंड बंद केले. मग धुरपदाबाईंच्या मांडीवर बसून मी बऱ्हाणपूरला आलो.

काशीहून आल्यावर मावंदे करतात. गंगेची पूजा करून मला उघडायचे, तीर्थ वाटायचे, पंगत घालायची आणि यात्रेत चुकले-माकले त्याची क्षमा मागायची. त्याशिवाय यात्रा पुरी होत नाही.

धुरपदाबाईंना क्षमा मागायची होती ती मालूबाईंची. दोघी लहानपणच्या मैत्रिणी, काशीला जोडीने जायचे ठरलेले. पण ऐन वेळी धुरपदाबाईंचा मुलगा नीलेश म्हणाला, "गाडीत जागा नाही," आणि बाई गप्प बसल्या. तिकडे बहादरपूरला मालूबाई पिशवी भरून वाट पाहत राहिल्या. तेव्हापासून त्यांनी बोलणे टाकले.

काशीहून आल्यावर बाई नीलेशला म्हणाल्या, "घरीच वरण-भात करू रे. मालूला बोलाव. पहिलं तीर्थ तिच्या हातावर देते नि पाया पडते."

"रुक ना माय! करायचं तर जोरदार करू. लोक काय म्हणतील?"

आधी शेतातल्या केळीला भाव नव्हता, मग घराला रंग द्यायचा होता, मग मोठा हॉल मिळेना. देव्हाऱ्यात मी काळा पडत गेलो. येणारे-जाणारे मला हात जोडून म्हणत, "केवढं भाग्य!" डोंबलाचं भाग्य! मला हात असते तर मीच तो डाग उपटून काढला असता.

आणि मालूबाई वारल्या.

त्यानंतर हॉल मिळाला. मला उघडले, जिलबी झाली, फोटो झाले. शेवटी भटजी म्हणाले, "हात जोडा. जे उणे राहिले त्याची देवाकडे क्षमा मागा." नीलेशने डोळे मिटून हात जोडले. धुरपदाबाईंनी जोडले नाहीत.

"देवाचं मी काय बिघाडलं?" त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "जिचं बिघाडलं तिची राख झाली. आता कोणाची माफी मांगू, नीलेश?"

नीलेशला मान वर करता येईना. बाईंनी माझ्यातले तीर्थ घेतले नाही.

मित्रांनो, मला चिंचेने घासा नाहीतर अडगळीत फेका, मला त्याचे काही नाही. पण कोणाची क्षमा मागायची असेल तर मुहूर्त शोधत बसू नका. पायात चपला घाला आणि आजच तिच्या दारात जा. आणि घरातली म्हातारी "तिला बोलाव" म्हणाली, तर कृपा करून बोलवा.