बाबा खाली होता

दुसऱ्यांच्या वेबसाइट सांभाळणं हा त्याचा धंदा होता. दातांचे डॉक्टर, गाद्या विकणारे, एक गाण्याची शाळा, काही वकील. कुणाचं पान उघडेनासं झालं, कुणाचा फोन नंबर बदलला, की त्याला फोन यायचा. घरातल्या आतल्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाला खुर्चीची पाठ टेकवून तो दिवसभर बसायचा. पान नीट चाललं तर त्याची कुणाला आठवण येत नसे, आणि बंद पडलं तर त्याच्याशिवाय कुणी आठवत नसे.

म्हणूनच असेल, एक वेबसाइट त्याने स्वतःची काढली होती. लेक लहान होती, नुकती स्पष्ट बोलायला लागली होती. ते तिघं समुद्रावर जाऊन आले आणि त्याने त्या सहलीबद्दल लिहिलं. पुढे दर सुट्टीत लिहीत गेला. खरी नावं तो घालत नसे. बायको ‘होकायंत्र’, कारण परक्या गावातही ती वाट चुकत नसे. तो स्वतः ‘हमाल’, कारण बॅगा त्याच्याकडे. आणि लेक ‘मुंगी’, कारण हॉटेलात टेबलावर ठेवलेल्या साखरेच्या पुड्या ती खिशात भरून आणायची.

वाचणाऱ्यांचा जीव मुंगीवर होता. मुंगीला बोट लागली, मुंगीने संग्रहालयातल्या पुतळ्याला ‘आजोबा’ म्हणून हाक मारली, विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर बसून मुंगी एक चक्कर मारून आली. लोक खाली लिहायचे, ‘मुंगीला गोड पापा.’ तो ते बायकोला वाचून दाखवायचा. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवून थकून आलेली असायची. ‘हो का,’ म्हणायची.

मुंगी पंधरा वर्षांची झाली त्या वर्षी ते एका तळ्याकाठच्या गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसले होते, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची तपकिरी स्वेटर घातलेली बाई उठून आली.

“माफ करा हं,” ती म्हणाली. “पण तुम्ही हमाल ना?”

इतक्या वर्षांत हाडामांसाचा वाचक त्याने पाहिला नव्हता. त्याने खुर्ची ओढून दिली. बाई निवृत्त नर्स होती, टूरबरोबर एकटीच आली होती.

“आमचे हे आजारी होते ना, तेव्हा मी त्यांना वाचून दाखवायचे,” ती म्हणाली. “अंथरुणाला खिळलेला माणूस. पण तुमच्याबरोबर आम्ही कुठे कुठे जाऊन आलो. हे गेले तरी मी वाचतेच.” मग ती मुलीकडे वळली. “आणि ही मुंगी. अगं बाई, केवढी झालीस. ती गादी आठवते का गं? रात्री ओली केलीस आणि हॉटेलवाल्यांना कळू नये म्हणून बाबाने केस वाळवायच्या मशीनने वाळवली होती, ती?”

बाईचा आवाज वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत पोचायची सवय असलेला. पलीकडच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. त्यांची दोन मुलं आदल्या संध्याकाळी होड्यांपाशी मुंगीशी बराच वेळ गप्पा मारत बसली होती. त्या दोघांनी वर पाहिलं. एकाने पटकन मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते.

“हो,” मुलगी म्हणाली. हसलीसुद्धा. मग तिने चमचा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

त्याच्या हे लक्षातच आलं नाही. तो बाईशी बोलत राहिला, तिच्याबरोबर त्याने फोटोही काढून घेतला.

परतीच्या वाटेवर गाडी बायको चालवत होती. लेक मागच्या सीटवर होती.

“मुंगी, भूक लागली का गं?” त्याने विचारलं.

“मला त्यातून काढ.”

“कशातून?”

“तुझ्या वेबसाइटवरून. सगळीकडून.”

“अगं, ती बाई किती प्रेमाने बोलत होती.”

“प्रेमानेच बोलत होती. म्हणून तर मला काही म्हणता आलं नाही.”

“तुझं नाव कुठे आहे त्यात?”

“फोटोत तोंड आहे ना.”

त्याने बायकोकडे पाहिलं. तिची नजर रस्त्यावर होती. “बरोबर बोलतेय ती,” ती म्हणाली. “आणि तिचं काढशील तेव्हा माझंही काढ.”

“आता तुझं काय?”

“काही नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.”

पुढच्या रविवारी तो कामाला बसला. आधी फोटो. तिचे एकटीचे होते ते सरळ काढले. तिघांचे होते ते कापले, तर कुठे कठड्यावर नुसता एक छोटा हात राहिला, कुठे त्याच्या गुडघ्याला लाल टोपीचा गोंडा चिकटून राहिला. तेही काढले. मग मजकूर. ‘मुंगी’ शोधायचं आणि ते वाक्य पुसायचं. मग ‘होकायंत्र’ शोधायचं. हे काम तो गिऱ्हाइकांसाठी डोळे मिटून करत असे. इथे दुपार कलली तरी तो पहिल्या तीन-चार सहलींतच अडकला होता.

कारण पुसल्यावर काही उरतच नव्हतं. बेटावरच्या मुक्कामाबद्दल त्याने भरभरून लिहिलं होतं. ते उरलं ते असं: ‘बोट वेळेवर सुटली. वारा बराच होता. खोली स्वच्छ होती. चौथ्या दिवशी परत आलो.’ वाचणाऱ्याला वाटलं असतं, हा कोण एकटा माणूस एवढ्या बॅगा घेऊन फिरतोय, आणि जेवायला तीन खुर्च्यांच्या टेबलावर का बसतोय.

तो उठून लेकीच्या खोलीत गेला. ती जमिनीवर बसून कपाटातले कपडे निवडत होती, जुने एकीकडे, नवे एकीकडे.

“एखादी सहल ठेवू का?” त्याने विचारलं. “बेटावरची. तीत तुला लाज वाटेल असं काही नाही. तू स्वतः वाचून बघ.”

त्याने फोन पुढे केला. तिने यातलं काहीच कधी वाचलं नव्हतं, हे त्याला तिच्या वाचण्यावरून कळलं. ती सावकाश वाचत गेली, अनोळखी माणसाबद्दल वाचावं तशी.

“मी आईच्या कोटात शिरले होते?”

“अगं, वाऱ्याला घाबरून. सगळी बोट हसत होती.”

“असेल. मला नाही आठवत.” तिने फोन परत दिला. “मला बेटावरचं वेगळंच आठवतं. हॉटेलच्या मागे एक उताराचा रस्ता होता. मी आणि आई रोज संध्याकाळी जायचो. एका खिडकीत एक आजोबा बूट पॉलिश करत बसलेले असायचे. रोज तेच बूट. आम्ही त्यांना हात करायचो. शेवटच्या दिवशी ते बाहेर आले आणि पायरीवर बसून माझे बूट पॉलिश करून दिले. पावसाने चिखल झालेले. आणि मग आईचेपण.”

“हे मला कसं माहीत नाही?”

“तू खाली होतास.”

“खाली म्हणजे?”

“हॉटेलात. काउंटरपाशी सोफ्यावर. तिथेच वाय-फाय चालायचं ना. लिहीत होतास.”

तो दारातच खाली बसला. “आणि डोंगरावर गेलो होतो तेव्हा?”

“तिथे आई बर्फात पडली. मी उठवायला गेले तर मीपण पडले. दोघींना इतकं हसू येत होतं की उठताच येईना. शेवटी एका कुत्र्याने येऊन आईचा मोजा पळवला.” ती आठवून हसत होती. “मी म्हटलं, बाबाला बोलावू या. आई म्हणाली, बाबा खाली आहे, लिहू दे त्याला.”

त्याने आणखी दोन-तीन गावांची नावं घेतली. प्रत्येक गावात तिच्याकडे काहीतरी होतं. बंद पडलेला पाळणा, चुकून गाठलेलं एक लग्न, आईने भर रस्त्यात म्हटलेलं गाणं. आणि प्रत्येक ठिकाणी बाबा खाली होता. ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. त्या गावात नदी होती, त्या गावात चढ होता, तसा बाबा खाली होता.

स्वयंपाकघरात बायको भाजी चिरत होती.

“तुम्ही रोज फिरायला जायचात?” त्याने विचारलं.

“हो.”

“मला कधी बोलावलं नाहीत.”

“बोलवायचो की, पहिली एक-दोन वर्षं. तू वर न बघता बोट दाखवायचास. एक मिनिट.” तिने सुरी थांबवली. “नंतर आम्हाला सवय झाली. आणि खोटं कशाला बोलू, मजा यायची आम्हाला.”

“तू वाचायचीस का गं, मी लिहिलेलं?”

“सुरुवातीला. मग वाचताना वाटायला लागलं, की ही माणसं ओळखीची आहेत, पण आपल्याकडची नाहीत.” तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “वाईट नव्हतं लिहिलेलं. छान लिहायचास.”

ते ‘लिहायचास’ ऐकून तो आतल्या खोलीत परत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने कापाकापी सोडून दिली आणि सगळी वेबसाइटच उतरवली. गिऱ्हाइकाचं पान बंद करताना तो दहादा विचारायचा, प्रत ठेवलीत ना, नक्की ना. स्वतःला त्याने एकदाही विचारलं नाही. तिथे आता एकच ओळ होती: ‘हे पान इथे नाही.’

महिनाभर तो त्या पानाला किती जण भेट देतात त्याचा आलेख बघत राहिला. आकडा फारसा उतरला नाही. त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं, की येणाऱ्यांत बरीचशी यंत्रं असतात, शोधाशोध करत फिरणारी. पण इतकी असतील असं वाटलं नव्हतं. लिहिलेलं असो वा नसो, ती येऊन दार ठोठावत होती. ज्यांनी गोड पापे पाठवले होते त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही. त्यांना दुसरी मुलं, दुसऱ्या सहली सापडल्या असतील.

एकच मेल आली. नर्सबाईंची.

‘मुंगी बरी आहे ना? त्या दिवशी मी गादीचं बोलले आणि तिचा चेहरा पडला, तो मी पाहिला. जन्मभर चेहरेच पाहिलेत. पण तोवर बोलून गेले होते. घरात बोलायला कुणी नसलं की बाहेर जास्त बोललं जातं. माझ्यामुळे बंद केलंत का?’

त्याने लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी पाठवलं ते एवढंच: ‘ती बरी आहे. मोठी झाली आहे. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही फक्त मी सांगितलेलं मोठ्याने म्हणालात.’

बाईंचं उत्तर तासाभरात आलं. ‘जीव भांड्यात पडला. आता कुठे गेलात तर मला कळवू नका. पण जात राहा.’

पुढच्या सुट्टीत ते गेले. एक जुनं गाव होतं, मधून कालवा गेलेला. लॅपटॉप त्याने घरीच ठेवला होता. संध्याकाळी दोघी सवयीने उठल्या, चपला घातल्या. तोही उठला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“येतोस?” बायको म्हणाली.

“येऊ का?”

“ये की. त्यात काय विचारायचं.”

पदपथ अरुंद होता. तिघं एका ओळीत मावत नव्हते, म्हणून तो मागून चालू लागला. दोघी पुढे बोलत होत्या. मध्येच मुलगी म्हणाली, “आई, हिरवा कोट,” आणि दोघी खिदळल्या. त्याने विचारलं, काय झालं. बायकोने सांगायचा प्रयत्न केला. कुठल्याशा गावात एका माणसाने हिरवा कोट उलटा घातला होता आणि मग त्याने काहीतरी म्हटलं होतं. सांगता सांगता त्यातली गंमत उडून गेली. “तू असायला हवा होतास,” ती म्हणाली.

पुढे बाजारासारखी गल्ली लागली. एका दुकानाच्या काचेत जुनी घड्याळं मांडली होती. सगळ्यांत वेगवेगळी वेळ. तो बघायला थांबला. वळून पाहिलं तर दोघी नव्हत्या. त्याच्या मनात घड्याळांबद्दल एक वाक्य तयार झालं होतं, चांगलं, गोल वाक्य. ते ठेवायला आता जागा नव्हती. लोक त्याला वळसा घालून जात होते. फोन करावा असं वाटलं, पण खिशातला हात बाहेर आला नाही. त्यांना कळलंच नाही तर, असा विचार त्याच्या मनात आला. कळलंच नाही तर नवल काय, तिथे मागे कुणी असायची त्यांना सवयच नव्हती.

मग गल्लीच्या तोंडाशी त्याला मुलगी दिसली. ती परत आली होती. टाचा उंचावून गर्दीत बघत होती. आधी डावीकडे, मग कालव्याच्या बाजूला, मग पुन्हा डावीकडे. तिच्या कपाळाला आठी पडली होती. तो दुकानाच्या सावलीत होता, म्हणून दिसत नव्हता. आपल्याला कुणी शोधताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. हात वर करायला त्याने थोडा उशीर केला.

“इथे काय करतोयस?” ती जवळ येऊन म्हणाली.

“काही नाही. घड्याळं बघत होतो.”

तिने काचेत पाहिलं न पाहिलंसं केलं. “चल. आई पुलावर थांबलीये. तिला उभं राहून कंटाळा येतो.”

“चल,” तो म्हणाला. ती पुढे निघाली, आणि चार पावलांवर थांबून तो येतोय की नाही ते तिने बघितलं.