अक्कासाहेबांचे अश्रू आणि भामाबाईंचा वरवंटा

"आली, आली! डाव्या डोळ्यातनं धार आली!"

कुणीतरी ओरडलं आणि दिवाणखान्यात एकच गलका उडाला. पुढचे गुडघ्यांवर बसले, मागचे टाचा उंचावून बघू लागले आणि दारात अडकलेल्यांनी काही न दिसताच हात जोडले. संगमरवरी अक्कासाहेबांच्या गालावरून खरोखरच एक थेंब ओघळत होता. नाथाजी महाराजांनी खाली हळदीची वाटी धरली. थेंब पडला आणि पिवळीधमक हळद तिथल्या तिथे लाल झाली.

"हळदीचं कुंकू केलं माउलीनं!" महाराज गरजले. "आहे का कुठल्या शास्त्राची टाप?"

शास्त्राच्या बाजूने त्या खोलीत एकटी शिवांजली उभी होती आणि तिची अजून तरी टाप नव्हती.

शिवांजली साताऱ्याची. इतिहासात एम.ए. करता करता इंटर्नशिपसाठी ती तासगावजवळच्या चिंचणवाडीत आली होती. गावात मुलींची पहिली शाळा काढणाऱ्या अक्कासाहेबांचं राहतं घर तिथे संग्रहालय म्हणून जपलं होतं. त्यांचा पलंग, त्यांचं शिवणयंत्र, काडी मोडलेला चष्मा, आणि दिवाणखान्यात त्यांचा अर्धपुतळा. शिवांजली आणि सांगलीचा वसीम, दोघांचं काम ठरलेलं होतं. मऊ ब्रशने धूळ काढायची, पाहुण्यांना घर दाखवायचं आणि प्रत्येक खोलीतल्या दमटपणा मोजणाऱ्या यंत्राचा काटा बघायचा. पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, की कुठल्याही वस्तूला उघड्या हाताने शिवायचं नाही. हा नियम विद्यार्थ्यांसाठी होता. महाराज त्यात बसत नव्हते.

महाराज गावात आल्यापासून रोज सकाळी दार लावून पुतळ्याचं 'मुखमार्जन' करत. संध्याकाळी आरती. आरतीला यायचं तर आंघोळ करून, ओलेत्यानेच. खिडक्या बंद, कारण तेज बाहेर जातं. चिंचणवाडीकरांना हे सगळं पटलं होतं. ऐन उन्हाळ्यात अंगावर ओलं कापड घ्यायला कुणाचीच ना नसते म्हणा.

संग्रहालय सांभाळणारे भाऊसो पूर्वी शाळेच्या सहलींची वाट बघत बसायचे. आता दारात चपलांचा ढीग बघून ते फुलून गेले होते. शिवांजलीने कुरकुर केली तेव्हा ते हसत म्हणाले, "पोरी, तुझ्या सर्टिफिकेटवर सही माझीच असते बरं का." हसत म्हणाले, पण म्हणाले.

शिवांजलीने तोंड मिटून घेतलं असतं. आडव्या आल्या त्या भामाबाई.

या दोघा विद्यार्थ्यांचं जेवण भामाबाईंकडे असे, आणि शिवांजली राहायलाही त्यांच्याकडेच होती. बाई तोंडाने फटकळ, हाताने सढळ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. भाकरी अंदाजाने थापायच्या आणि अंदाजाने वाढायच्या. मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशनला सोमवारची तारीख मिळाली होती. पण गुरुवारी ताट पुढे सरकवत त्या म्हणाल्या,

"आता न्हाई जात मिरजंला. म्हाराज म्हणलं, ऐतवारी आरतीला माउलीचं आसू डोळ्यात घालतो. मग कशाला ती चिरफाड?"

शिवांजलीने हातातला घास ताटात ठेवला. आदल्याच दिवशी गर्दी पांगल्यावर तिने नियम मोडून त्या ओल्या गालाला बोट लावलं होतं. पाणी साबणासारखं बुळबुळीत लागलं होतं आणि नखाजवळच्या कापल्या जागी चांगलं झोंबलं होतं. ते या बाईच्या डोळ्यात जाणार होतं.

"भामाकाकू, ते पाणी साधं नाही हो. डोळे जातील!"

"गप बस. चार बुकं शिकलीस म्हंजी माउलीपरीस शानी झालीस व्हय?"

शिवांजली उठून परसात हात धुवायला गेली आणि पाय सटकन घसरला. शेजारी भामाबाईंच्या मुलाच्या बेदाण्याच्या शेडमधून आणलेलं एक पोतं होतं. तोंड उघडं, आत पांढरी पावडर आणि पोत्याभोवती चिकट ओल.

"इथं पाणी कुणी सांडलं?"

"कुणी न्हाई सांडलं," भामाबाई आतूनच ओरडल्या. "ते कार्बोनेट हाय. द्राक्षं वाळवायच्या आधी बुडवत्यात न्हवं, त्यातलं. त्वांड उघडं ऱ्हायलं की हवंतलं पाणी वडतंय आन् पाझरत बसतंय."

शिवांजली त्या ओलीकडे बघतच राहिली. मग तिने बोट लावलं. तेच बुळबुळीत, तेच झोंबणं.

वसीमही ताटावरून उठून मागोमाग आला होता. त्याचे वडील सांगलीत हळदीचे व्यापारी. तिने विचारायच्या आतच त्याने चुलीपाशी जाऊन चिमूटभर हळद आणली आणि त्या ओलीवर टाकली. हळद लाल झाली.

"आमच्या घरात हे शेंबडं पोर पण सांगेल," तो म्हणाला. "हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो. सोड्यासारख्या क्षाराचा गुण आहे तो. माउली कशाला पाहिजे?"

दोघं धावत दिवाणखान्यात गेली. भर दुपारी खोली कोरडी ठणठणीत होती, यंत्राचा काटा खाली पडलेला आणि अक्कासाहेबांच्या डोळ्यांच्या खाचेत पांढरी पूड सुकून बसलेली. संध्याकाळी बंद खिडक्यांत ओल्या कपड्यांची गर्दी झाली की काटा वर चढायचा. पूड हवेतलं पाणी प्यायची आणि अक्कासाहेब रडायच्या. तेज बाहेर जातं म्हणे!

हे सगळं भामाबाईंना सांगितलं तर त्या भडकल्याच. "माझ्या पोत्याची आन् माउलीची बरोबरी करतीस?"

"बरं, नाही करत. तुमचा वरवंटा तरी देता का रविवारपुरता?"

"ने की. चटणी वाटाय लागलीस का काय?"

भाषण कुणी करायचं, यावर मात्र वसीम अडला. "मी बोललो तर विषय भलतीकडेच जाईल. तू बोल. मी वरवंटा धरतो."

रविवारी अक्कासाहेबांच्या शेजारी एका स्टुलावर काळा कुळकुळीत वरवंटा उभा राहिला. खडूने डोळे काढलेले, खाली हळदीची वाटी. भाऊसोंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय आणि?"

"स्वयंपाकघराचं प्रदर्शन, सर," वसीम अत्यंत गंभीरपणे म्हणाला.

आरती रंगली. खोलीत माणसांच्या आणि ओल्या कापडाच्या वाफेने जीव गुदमरू लागला. अक्कासाहेबांचा डोळा पाणावला, जयजयकार झाला. आणि थोड्याच वेळात पुढे बसलेल्या एकाने डोळे विस्फारले.

"आरं, वरवंटाबी रडाय लागला!"

काळ्या दगडावरून थेंब ओघळला, हळदीत पडला, हळद लाल झाली. शिवांजलीला वाटलं, आता लोक हसतील. कसचं काय! पाठीमागून एक नारळ पुढे आला. कुणीतरी वरवंट्याला हळदकुंकू लावलं. आणि महाराज कसले वस्ताद, त्यांनी क्षणभरही दवडला नाही.

"पाहा! माउलीच्या दुःखानं दगडाला पाझर फुटला!"

शिवांजलीला आता खरंच रडू आलं. इतक्यात भामाबाई चाचपडत पुढे आल्या आणि त्यांनी वरवंट्यावरून हात फिरवला.

"थांबा की जरा. ह्यो माझा वरवंटा हाय. रोज मिरच्या वाटती मी ह्यानं. ह्याला कसलं आलंय दुःख?"

खोलीत खसखस पिकली. शिवांजलीने ती संधी सोडली नाही.

"कसलंच नाही, काकू. दुपारी मी त्याच्या डोळ्यांवर कार्बोनेट कालवून थापलं. तुमच्याच पोत्यातलं. तुम्ही सगळ्यांनी ओलेत्याने येऊन खिडक्या लावल्यात आणि ते पाझरलं. अक्कासाहेबांचं रोजचं मुखमार्जन त्याच पावडरीचं आहे."

लोक एकमेकांकडे बघू लागले. पोतं कुणाच्या शेडमध्ये नव्हतं? जन्मभर द्राक्षं वाळवणारी माणसं, दर हंगामात ते पाझरताना बघितलेलं. पण ते शेडमध्ये पाझरलं की "त्वांड बांध रं" आणि संगमरवरावर पाझरलं की आरती.

महाराजांचा आवाज मात्र अजून दणदणीत होता. "वरवंट्याचे अश्रू खोटे, म्हणून माउलीचे खोटे ठरतात का? भामाबाई, या. डोळे उघडा." त्यांनी पळीत थेंब धरला.

शिवांजलीने त्यांचं मनगटच पकडलं.

"आधी तुमच्या डोळ्यात घाला, महाराज. एकच थेंब."

"मला गरज नाही. माझी दृष्टी दिव्य आहे."

"मग अश्रूंनी तिचं काय बिघडणार आहे?"

भामाबाई पळीच्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, "घाला की, म्हाराज. तुमच्या मागनं मीबी घालून घेती."

महाराजांनी पळीकडे बघितलं. मग ती अगदी जपून, एकही थेंब हातावर सांडू न देता, खाली ठेवली आणि बोटं धोतराला खसाखसा पुसली. त्या पुसण्याने जे सांगितलं ते शिवांजलीला दहा भाषणांत सांगता आलं नसतं. भाऊसोंनी स्वतः उठून खिडक्या उघडल्या. महाराज गर्दीतून वाट काढत निघाले तेव्हा लोकांनी ती झटकन करून दिली; पाया मात्र कुणी पडलं नाही.

चिंचणवाडीची माणसं काही बावळट नव्हेत. जे शेतात ओळखतात ते देव्हाऱ्यापाशी ओळखायचं नाही, एवढीच त्यांची सवय. ती तुमचीआमचीही आहे. म्हणून चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी खिडकी उघडा, हात लावून बघा आणि उपाय सांगणाऱ्याला म्हणा, आधी स्वतःवर करून दाखव. खऱ्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

सोमवारी शिवांजली भामाबाईंना घेऊन मिरजेला गेली. एका डोळ्याची पट्टी निघाल्यावर बाईंनी पहिला हट्ट धरला तो संग्रहालयात नेण्याचा. पुतळा तोवर स्वच्छ धुतला होता. इतक्या वर्षांत त्यांना अक्कासाहेबांचा चेहरा कधी धड दिसलाच नव्हता. काळा चष्मा वर करून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"शिवांजली, बाई लय करारी दिसती गं," त्या म्हणाल्या. "ही काय रडणाऱ्यातली न्हाई."