ताराचंदची थाळी

ज्या वर्गात माझी जागाच नव्हती, त्या वर्गात मी सहा वर्षं पहिला आलो. लोकांना याचं कौतुक वाटतं. माझ्या अंगावर अजून काटा येतो.

१९७६ साली आमच्या आंधळगावातून चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला आम्ही दोघं बसलो होतो, ताराचंद आणि मी. ताराचंद तालुक्यात पहिला आला, मी दुसरा. भंडाऱ्याच्या निवासी शाळेत एका तालुक्याला एकच जागा, म्हणजे ती त्याचीच. गावानं त्याचा सत्कार करून पितळेची कल्हई केलेली थाळी दिली. वसतिगृहात जाणाऱ्या प्रत्येक पोराला नाव घातलेली थाळी लागायचीच. काठावर कासारानं टिंबाटिंबांनी अक्षरं काढली होती, 'चि. ताराचंद, तालुक्यात पहिला'. जूनच्या सुरुवातीला धानाच्या बांधीवर बापाची भाकर घेऊन गेलेल्या ताराचंदला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नाग चावला. दिवस मावळायच्या आत पोर गेलं. जागा रिकामी झाली, आणि यादीत त्याच्या खाली माझंच नाव होतं.

तेरवी झाल्यावर त्याची आई देवकाबाई आमच्याकडे आली. पदराखालून थाळी काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

"हे शाळेत जाऊ दे," ती म्हणाली. "ह्याच्यातच जेवजो, बापा."

माझी माय शकुनबाई हे ऐकून हादरली. मेल्या पोराचं भांडं जित्या पोराच्या तोंडापुढं कोण ठेवतं? पण देवकाबाईसमोर बोलायची तिची छाती झाली नाही. बाबांनी सांगितलं, जिची कूस उजाड झाली तिला दारातून परत पाठवू नये. झालं, थाळी माझ्या ट्रंकेत गेली.

वसतिगृहातली पोरं काही देवमाणसं नव्हती. मी कोणाच्या जागेवर आलो हे त्यांना कळायला वेळ लागला नाही, आणि 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून ती मला चिडवू लागली. म्हण जुनीच आहे, पण ऐकताना मला बांधीचा धुरा दिसायचा. जेवणाच्या वेळी आचारी भैय्यालाल थाळ्यांच्या चवडीतून एकेक थाळी उचलायचा, काठावरचं नाव वाचून हाक मारायचा आणि वाढायचा. "ताराचंद!" पहिले काही दिवस मी त्याला माझं नाव सांगून पाहिलं. तो म्हणायचा, नाव सांगत बसशील तर वरण थंड होईल. मग मी मुकाट्यानं 'हो' म्हणू लागलो. भूक लागल्यावर माणूस कोणत्याही नावाला ओ देतो. हळूहळू मास्तरही मला ताराचंद म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर ते मला खटकेनासं झालं.

पहिल्या सहामाहीत गणिताचा पेपर तपासून आला, आणि मी घाबरलो. गणितात मी यथातथाच होतो. इथं तर पैकीच्या पैकी मिळाले होते. पण त्याहून वाईट म्हणजे, प्रत्येक उदाहरणात उत्तर वर होतं आणि मांडणी खाली. ही खोड ताराचंदची. उत्तर आधी, रीत मागाहून. गावच्या शाळेत गुरुजी त्याला यावरून रोज बोलायचे. मी तसं कधी लिहिलं नव्हतं, आणि या पेपरातही तसं लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. त्यानंतर परीक्षेला बसलो की कोणीतरी उजव्या कोपराला खेटून घाई करतंय असं वाटायचं. मी लिहीत जायचो. निकाल लागला की पहिला.

दिवाळीच्या सुट्टीत देवकाबाई ओसरीवर येऊन बसायची. कसा आहेस, जेवतोस का, काही नाही. एवढंच विचारायची, "कितवा आला?"

मी 'पहिला' म्हणायचो. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून निघून जायची आणि वाटेत भेटेल त्याला सांगायची, ताराचंद याही वर्षी पहिला आला. गाव मान डोलवायचं. आईच्या दुःखाला कोण आडवं जाणार? माय मात्र चुलीपुढं धुमसत राहायची. तिला एकच हवं होतं, कोणीतरी तिच्या पोराला तिचं पोर म्हणून शाबासकी द्यावी. एवढं साधं मागणं, आणि सहा वर्षांत ते कोणी पुरवलं नाही.

१९८२ साली मी दहावीला बोर्डाच्या मेरिटमध्ये आलो. गावानं शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. मुलाबरोबर त्याच्या आईलाही वर बोलवून ओटी भरायचं ठरलं. आदल्या दिवशी मायनं ठेवणीतलं लुगडं काढलं. मला जवळ बसवून ती म्हणाली, "उद्या तुहं नाव पुकारतीन, जागेश्वर. माह्यासंगं उठजो. बाकी मले काई नाई पायजे."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

पटांगणात पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. सरपंच पुंडलिकराव माईकजवळ आले आणि माझं नाव पुरं, बापाच्या नावासकट, स्पष्ट वाचलं. मी ऐकलं. ऐकून इकडंतिकडं पाहू लागलो, की हा जागेश्वर आहे कुठं, उठत का नाही.

बायांमध्ये देवकाबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून ती सावकाश वर चढली. पुंडलिकराव क्षणभर थबकले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी आपल्या बायकोला खूण करून देवकाबाईची ओटी भरवली. कोणी हरकत घेतली नाही. घेण्यासारखं कोणाला काही वाटलंच नाही.

माय अर्धवट उठली होती. ती तशीच, गुडघ्यावर हात टेकून, पुरुषांच्या गर्दीत मला शोधत होती. तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्याबरोबर मीही वाजवत होतो.