वॉर्डात काढलेली टोपी

किरणने वॉर्डाच्या दारात टोपी काढली आणि चकाकणारी टाळू रुमालाने पुसली. धुळ्याचा मे महिना. टोपीत भाकरी भाजून निघाली असती.

टोपीखाली कालपासून काहीच नव्हतं. त्याआधीही फार होतं अशातला भाग नाही. चार वर्षं तो जळगावच्या प्रयोगशाळेत डीएनएवर प्रथिनं कुठे आणि किती घट्ट बसतात ते मोजत होता, आणि तेवढ्या काळात त्याचे इतके केस गळाले की विद्यापीठातल्या चिमण्यांनी त्यांची दुमजली घरटी बांधली. केसाच्या मुळाशी असंच एक प्रथिन डीएनएवर जाऊन बसतं आणि केसाचा जीव आखडत नेतं, हे त्याला तोंडपाठ. तरी त्याने कांद्याचा रस चोळला, फवारे मारले, स्वतःचंच रक्त काढून टाळूत टोचून घेतलं. अखेर काल वैतागून न्हाव्यापुढे बसला आणि म्हणाला, "सगळंच उतरव."

त्याचे वडील, गिरधर आबा, हृदयाच्या दुखण्याने आठवडाभर खाटेवर होते. एकुलत्या पोराकडे त्यांनी पाहिलं. पाहतच राहिले.

"तुनी माय कथी शे?"

"डबा लीसन ई राह्यनी, आबा. एसटीमा बठेल व्हई."

"काल तिले ताप व्हता."

"उतरना."

"मंग हाई काय?" आबांनी त्याच्या डोक्याकडे बोट केलं.

आपल्या गावात पोराच्या डोक्यावरचे केस कधी उतरवतात, हे तेव्हा कुठे किरणच्या ध्यानात आलं.

"केस गळतस म्हनीसन काढी टाकात, आबा! माय चांगली शे."

"आजारी मानूसले असंच सांगतस."

किरणने घाईघाईने आईला फोन लावला. वाजत राहिला. सोनीबाई फोन नेहमीसारखा घरी, डाळीच्या डब्यावर विसरली होती. त्याने पुन्हा लावला, पुन्हा लावला. प्रयोगशाळेत त्याने हे शंभरदा पाहिलं होतं: एकदा एक प्रथिन जागा धरून घट्ट बसलं, की मागून दुसरं कितीही ओता, पहिलं हलत नाही.

"आमनं ठरेल व्हतं," आबा भिंतीकडे वळत म्हणाले. "मी पहिले."

नर्सने गोळी पुढे केली. त्यांनी तोंड उघडलं नाही. थोड्या वेळाने उशाशी यंत्र ओरडू लागलं आणि किरणला बाहेर काढलं.

सोनीबाई आली तेव्हा दीड वाजला होता. डबा अजून गरम होता. आबा नव्हते.

संध्याकाळी गावच्या स्मशानात वना न्हावी वस्तरा परजून उभा राहिला. किरण त्याच्यापुढे मान खाली घालून बसला. वनाचा हात टाळूवर थांबला.

"भाऊ, आठे तं काहीच नही."

"फिरव," किरण म्हणाला.

वनाने पाणी लावलं आणि कपाळापासून मानेपर्यंत वस्तरा फिरवला. खांद्यावरच्या पंच्यावर एकही केस पडला नाही.